रक्तातील प्रथिने, जुनाट फुफ्फुसविकार आणि चुलीचा धूर : एक ऐतिहासिक आढावा

जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचे एदलाबाद, हा कपाशी व केळीचा तालुका. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उपटून घराजवळ रचल्या जातात आणि तुराट्या-गोवऱ्यांबरोबर चुलीत जळतात. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली. तथापि आज साठी ओलांडलेल्या अनेक स्त्रियांचे उमेदीचे आयुष्य या धुरापुढे गेलेले आहे. त्यांच्या धापेला घरात ‘दमा’ हे एकच नाव असते. जुनाट फुफ्फुसविकाराची खूण रक्तातील प्रथिनांत शोधण्याच्या प्रयत्नांचा इतिहास पाहताना त्यात या स्त्रियांना स्थान मिळाले काय, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या इतिहासाचा आरंभ १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलेल्या सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीनपासून मानता येईल. परंतु हे प्रथिन कोणत्याही दाहात वाढते. त्यावरून फुफ्फुसाचे विशेष काही कळत नाही. खरे वळण १९६३ चे. स्वीडनमधील माल्मो येथे कार्ल-बर्टिल लॉरेल हे रक्तद्रवातील प्रथिने विजेच्या प्रवाहाने कागदी पट्टीवर वेगळी करीत. सुमारे १५०० पट्ट्यांपैकी पाचांवर अल्फा-१ गटाचा पट्टा जवळजवळ उमटलेलाच नव्हता. लॉरेल व त्यांचे तरुण सहकारी स्टेन एरिक्सन यांनी त्या रुग्णांची माहिती काढली, तेव्हा पाचांपैकी तिघांना फुफ्फुसाचा विकार असल्याचे आढळले. यकृतात तयार होणारे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे पांढऱ्या पेशींतून स्रवणाऱ्या इलॅस्टेज या विकराला आवर घालते. तो आवर सुटला की फुफ्फुसातील वायुकोशांच्या भिंती झिजतात. न उमटलेल्या पट्ट्याकडे दोष म्हणून न पाहता पुरावा म्हणून पाहणे, हे या शोधाचे मर्म होय. मात्र या उणिवेस कारणीभूत असलेला प्रमुख जनुकीय प्रकार उत्तर युरोपीय वंशात अधिक आढळतो, भारतात तो विरळ आहे.

पुढे सर्फॅक्टंट प्रोटीन-डी, सीसी-१६ अशी फुफ्फुसातच निर्माण होणारी प्रथिनेही रक्तात मोजली जाऊ लागली. या शतकाच्या पहिल्या दशकात बारा देशांत झालेल्या ‘एक्लिप्स’ या अभ्यासात दोन हजारांहून अधिक सी.ओ.पी.डी. रुग्णांचा तीन वर्षे पाठपुरावा झाला. अभ्यासलेल्या प्रथिनांत फायब्रिनोजेनचे मापन विशेष स्थिर ठरले, आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने औषध-चाचण्यांसाठी अधिक जोखमीचे रुग्ण निवडण्यापुरती त्यास मान्यता दिली. निदानासाठी नव्हे, ही मर्यादा लक्षात ठेवावयास हवी. शिवाय ‘एक्लिप्स’मध्ये रुग्ण म्हणून प्रवेशासाठी किमान दहा ‘पॅक-वर्षे’, म्हणजे रोज एक पाकीट या हिशेबाने दहा वर्षांचे धूम्रपान, ही अट होती. कधीही विडी न ओढलेली स्त्री त्या दारातूनच परत गेली असती.

वस्तुतः तिची नोंद वैद्यकाने त्यापूर्वीच घेतली होती. डॉ. एस. पद्मावती यांनी १९५९ मध्ये दिल्लीतील फुफ्फुसजन्य हृदयविकाराच्या १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांच्या आजाराशी स्वयंपाकघरातील धुराचा संबंध जोडला. माल्मोच्या शोधाच्या चार वर्षे आधीची ही गोष्ट! २००९ मध्ये पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले की सी.ओ.पी.डी.चे २५ ते ४५ टक्के रुग्ण कधीही धूम्रपान न केलेले असतात.

धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तावरून ठरलेले आकडे पऱ्हाट्यांच्या धुरात वावरलेल्या स्त्रीला जसेच्या तसे लावणे आम्हांस सयुक्तिक वाटत नाही. चुलीच्या धुराने होणाऱ्या विकारात वायुकोशांच्या झिजेपेक्षा श्वासनलिकांचे आकुंचन व जाड होणे अधिक दिसते. तेव्हा प्रथिनांचे चित्रही वेगळे असू शकते. जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्यात त्याहून जुने आहे. फुंकर मोजणारे स्पायरोमीटर व रक्ताचा नमुना एकाच भेटीत घेणे तेथून अशक्य नाही. मात्र रुग्णाच्या माहितीपत्रकात ‘पॅक-वर्षे’ या रकान्याशेजारी चुलीपुढील वर्षांचाही रकाना आखावा लागेल.