बाळोते

बाळोते : तान्ह्या मुलाच्या अंगाखाली घालण्यासाठी, त्याच्या कमरेस बांधण्यासाठी व त्याचे अंग पुसण्यासाठी वापरावयाचे मऊ, सुती आणि पुन्हा पुन्हा धुऊन उपयोगात आणावयाचे कापड. त्यास ‘बाळंते’ असेही म्हणतात. अंथरण्या-पांघरण्याचे ते दुपटे, कमरेस बांधावयाचा तो लंगोट व पुसावयाचे ते फडके, असा भेद व्यवहारात केला जातो. यांसाठी नवे कापड क्वचितच विकत घेतले जाई; जुने लुगडे, धोतर किंवा पंचा फाडून बाळोती तयार होत. विणकर, रंगारी व व्यापारी यांच्याशी त्यांचा संबंध नसल्याने वस्त्रांच्या इतिहासात त्यांची नोंद अल्प आहे. वस्तुतः बाळोत्याचा इतिहास हा कापडापेक्षा पाण्याचा व धुणाऱ्या हातांचा इतिहास होय.

प्राचीन उल्लेख : चरकसंहितेच्या शारीरस्थानात नवजात बालकाच्या खोलीचे व वस्त्रांचे नियम दिले आहेत. बालकाचे अंथरूण-पांघरूण मऊ, हलके, स्वच्छ व सुवासिक असावे. घाम, मळ, जंतू अथवा मलमूत्र यांनी दूषित झालेले वस्त्र टाकून द्यावे, असे तेथे सांगितले आहे. मात्र दुसरे वस्त्र मिळणे शक्य नसेल, तर तेच चांगले धुऊन, धुरी देऊन व पूर्ण वाळवून वापरण्यास तेथे मुभा आहे. धुरीसाठी जव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वेखंड आदी द्रव्ये सांगितली आहेत. शास्त्राने अपवाद म्हणून मान्य केलेली ही रीत सामान्य कुटुंबांत नित्याची ठरली. बाळ-बाळंतिणीस शेगडीचा शेक व धुरी देण्याची चाल महाराष्ट्रात अलीकडेपर्यंत सर्वत्र होती. तथापि बंद खोलीतील धूर अर्भकाच्या श्वसनमार्गास अपायकारक असल्याने आधुनिक वैद्यक तिचा पुरस्कार करीत नाही.

रूढी : बारशाच्या सुमारास बाळंतविड्यात झबली, टोपडी, कुंची व दुपटी येत, पण पहिल्या दिवसांत बाळास घरातील वडीलधाऱ्यांचे जुने धुवट कापडच गुंडाळले जाई. लंगोट चौकोनी तुकड्याची तिकोनी घडी घालून किंवा नाड्या लावून करीत. शौचानंतर बाळास कोमट पाण्याने धुण्याची पद्धत असल्यामुळे फडक्याचे काम मुख्यतः अंग टिपण्याचे असे. प्रवासात ते ओले करून वापरीत.

धुण्याचे काम मात्र जातिव्यवस्थेत व घरातील उतरंडीत विभागलेले होते. मराठवाड्यात सुईणीचे काम बहुधा मातंग समाजातील स्त्रिया करीत, तर गावचे कपडे धुणाऱ्या परिटास तेथे ‘वरठी’ म्हणतात. सोयराच्या दिवसांतील कपडे घरच्यांनी हाताळणे अनेक घरांत निषिद्ध मानले जाई व ते काम यांच्याकडे जाई. ज्या हातांनी मूल जन्मास येई, तेच हात नंतर विटाळाचे ठरत. सोयर फिटल्यावर रोजचे लंगोट आई, आजी वा थोरली बहीण धुवी. या कामाचा मोबदला कोठेच धरला जात नसे.

कापडाची पात्रता : कापसाचा तंतू मुख्यतः सेल्युलोजाचा असून त्याच्या रेणूंतील हायड्रॉक्सिल गट पाणी धरून ठेवतात. नव्या कोऱ्या कापडातील खळ व कापसाचा नैसर्गिक मेणचट थर पाणी दूर सारतो. वारंवार धुण्याने हे दोन्ही निघून जातात. म्हणूनच विरलेले लुगडे नव्या कापडापेक्षा अधिक टिपते व कोवळ्या त्वचेस कमी घासते. पूर्वी धुण्यासाठी रिठा, लाकडाची राख किंवा पापडखार वापरीत. राखेतील पोटॅशियम कार्बोनेट हा क्षार मळ सोडवितो. ओला लंगोट बराच वेळ राहिल्यास विष्ठेतील सूक्ष्मजंतूंमुळे मूत्रातील यूरियापासून अमोनिया बनतो, त्वचेची अम्लता घटते व विष्ठेतील पाचक एंझाइमे अधिक क्रियाशील होऊन पुरळ उठते. यावरील खरा उपाय लंगोट वेळेवर बदलणे हा आहे. कापडात राहिलेला साबण किंवा क्षारही त्वचेस त्रास देतो.

वारंगा फाटा परिसर : लंगोट वेळेवर बदलणे पाण्यावर अवलंबून असते, ही गोष्ट हिंगोली जिल्ह्यातील वारंगा फाट्याच्या (ता. कळमनुरी) परिसरावरून स्पष्ट होते. नांदेड–हिंगोली मार्गावरून यवतमाळ–नागपूरकडे जाणारा रस्ता येथे फुटतो. निजामी राजवटीत हिंगोली ही कापसाची मोठी बाजारपेठ होती. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९६० मध्ये हा भाग महाराष्ट्र राज्यात आला आणि १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा करण्यात आला. सुती कापड येथे अपरिचित नव्हते. वाण होती ती पाण्याची. दख्खनच्या कठीण बेसाल्ट खडकात भूजल थोडे साठते, तर जिल्ह्यातील कयाधू नदीचा प्रवाह उन्हाळ्यात आटतो. अर्भकास दिवसास दहा-बारा लंगोट लागतात. दूरच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणणाऱ्या स्त्रीस पिण्याचे पाणी आधी व धुण्याचे नंतर, असा क्रम लावावा लागे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील असंख्य स्त्रिया रोजगाराच्या कामांवर गेल्या आणि तान्ही मुले कामाच्या जागी झाडास बांधलेल्या झोळीत राहिली. अशा वेळी लंगोट न धुता केवळ वाळवून पुन्हा वापरला गेल्यास त्यास आईचा निष्काळजीपणा म्हणता येत नाही.

बदल : सुती बाळोत्यास पहिला धक्का कृत्रिम धाग्याने दिला. १९७० नंतर पॉलिएस्टर व नायलॉनच्या साड्या स्वस्त व टिकाऊ म्हणून खेड्यांत पसरल्या. सामान्य हवेत कापूस आपल्या वजनाच्या सु. ८ टक्के आर्द्रता धरतो, तर पॉलिएस्टर सु. ०·४ टक्के. त्यामुळे घरात जुन्या साड्या होत्या, परंतु बाळोते करण्याजोग्या साड्या कमी होत गेल्या.

पाश्चात्त्य देशांत वॉल्टर हंट यांनी १८४९ मध्ये सुरक्षित टाचणीचे एकस्व घेतले. पुढे लंगोट अडकविण्यास ती रूढ झाली. मॅरियन डोनोव्हॅन यांना लंगोटावरील जलरोधी आवरणाचे एकस्व १९५१ मध्ये मिळाले. व्हिक्टर मिल्स यांच्या गटाने सिद्ध केलेला ‘पॅम्पर्स’ हा टाकाऊ लंगोट १९६१ मध्ये अमेरिकेत विक्रीस आला. १९८० च्या दशकात अतिशोषक बहुवारिकाच्या वापराने असे लंगोट पातळ झाले. भारतात त्यांचा प्रसार १९९० नंतर वाढला. प्रथम शहरांत व मग फाट्यांवरील किराणा आणि औषधांच्या दुकानांतून लहान पुड्यांच्या रूपाने ते खेड्यांत पोहोचले. रात्रीची झोप, प्रवास व मजुरीची वेळ यांमुळे आयांनी ते स्वीकारले.

टाकाऊ लंगोटातील प्लॅस्टिक व बहुवारिक कुजत नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेले लंगोट स्वच्छताविषयक कचऱ्यात गणले व ते गुंडाळून देण्याचे बंधन घातले. परंतु जेथे कचरागाडी पोहोचत नाही, तेथे ते उकिरडा, नाला वा शेताच्या बांधावर जातात. तथापि सुती लंगोट आपोआप निर्दोष ठरत नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोहोंचा तापमानवाढीवरील सरासरी परिणाम जवळजवळ सारखाच आढळला. कपडे उन्हात वाळविणे, यंत्र पूर्ण भरून धुणे आणि तेच लंगोट दुसऱ्या अपत्यास वापरणे यांमुळे सुती लंगोटाचा परिणाम सु. ४० टक्क्यांनी घटतो, असेही त्यात दिसून आले. मराठी घरांत यांतील ऊन व पुनर्वापर पूर्वापार चालत आलेले होते. मात्र त्यांमागील पाणी वाहण्याचे व धुण्याचे श्रम एकट्या स्त्रीवर पडत. दारात नळ आला व धुणे घरातील सर्वांचे काम झाले, तरच बाळोत्याकडे परतणे हा आईवरील नवा भार ठरणार नाही.