जीव वाचल्यानंतर

सी. के. नायडू आणि मुश्ताक अली ही नावं आमच्या इंदुरात बायकांनाही ठाऊक. म्हणून गोष्ट क्रिकेटचीच सांगते.

मार्च 1962. बार्बाडोसच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला. कवटी फुटली. तेव्हा हेल्मेट कुठलं! रक्त द्यायला पुण्याचे चंदू बोर्डे, नाशिकचे बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर पुढे झाले. वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेलसुद्धा. पुढे डोक्यात धातूची पट्टी बसवली, ती 2022 साली मुंबईत काढली. कॉन्ट्रॅक्टर पुन्हा कसोटी खेळले नाहीत, पण रणजीच्या मैदानावर परतले.

मैत्रिणींनो, शस्त्रक्रियेनं जीव वाचतो. माणूस परत मिळतो तो नंतरच्या महिन्यांत. मेंदूच्या मेलेल्या पेशी सहसा परत येत नाहीत, पण शाबूत भाग सरावानं त्यांचं काही काम उचलतात. म्हणून चालणं, बोलणं, गुंडी लावणं पुन्हापुन्हा करवून घ्यायचं. मुंबईत हाजीअलीला अशा पुनर्वसनाची सरकारी संस्था 1955 पासून आहे.

घरी मात्र आपण मायेपोटी घास भरवतो, गुंडी लावून देतो, अडलेलं वाक्य पुरं करतो. सराव राहतो तिथंच. आणि गाडीवरून पडलेली घरातली सून असेल तर? टाके सुकले की ‘बरी झाली’ म्हणून तिला ओट्याशी उभं करतात, नाहीतर कोपऱ्यात बसवतात.

कर्णधारासाठी परका कर्णधारही धावला. आपल्या सुनेसाठी घरानं रोजचा तासभर तरी काढावा.