पाळणाघर, घरगुती : दर आणि गिऱ्हाईक

घरगुती पाळणाघर : आईवडील कामावर असताना ओळखीपाळखीची लहान मुले आपल्या राहत्या घरात पैसे घेऊन सांभाळण्याचा व्यवसाय. चालवणारी बहुधा गृहिणी. मुले तिला काकू, मावशी किंवा आजी म्हणतात आणि आठवड्याभरात त्यांचे आईबापही तेच म्हणू लागतात. धंद्याची निम्मी अडचण या हाकेतच आहे. एकदा मावशी म्हणवून घेतले, की सहाऐवजी सात वाजता आलेल्या आईकडे तासाचे जादा पैसे मागायला धीर होत नाही.

इंदापूर तालुक्यातील वरकुट्यासारख्या गावात अशी पाटी क्वचितच दिसणार. उसाच्या या पट्ट्यात मूल आजीजवळ असते, नाहीतर आईबरोबर बांधावर. गाळप हंगामात बाहेरून आलेल्या कोयत्यांची (ऊसतोड जोडप्यांची) तान्ही मुले फडाच्या कडेला साडीच्या झोळीत झोपतात आणि जेमतेम सात-आठ वर्षांची थोरली बहीण दोरी ओढत बसते. हेही पाळणाघरच, फक्त बिनपगारी. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडी आहे (एकात्मिक बालविकास योजना, 2 ऑक्टोबर 1975 पासून), पण ती काही तासांत सुटते. घरगुती पाळणाघराला गिऱ्हाईक मिळते ते त्यापुढच्या वेळेसाठी : शिक्षिका, परिचारिका, पतसंस्थेतली कारकून, बारामतीच्या एमआयडीसीत पाळीला जाणारी बाई.

दर : शेजारणीचा दर विचारून त्यातून शंभर कमी करणे ही रूढ पद्धत, आणि ती चुकीची. हिशेब खर्चापासून मांडावा. समजा, मुले चार, महिन्याचे दिवस 26, वेळ नऊ तास. जेवणखाण मुलामागे रोज 30 रुपये धरले तर चौघांचे 3120, वरकामाची बाई 3000, गॅस, वीज, साबण, फिनेल 900, बेरीज 7020. स्वतःच्या 234 तासांचे, तासाला 30 रुपयांनी, पुन्हा 7020. म्हणजे मुलामागे 3510. गावात हा आकडा ऐकून माणसे परत जातील. डबा घरून आणायला सांगितला आणि वरकामाची बाई ठेवली नाही, तर तोच दर 1980 वर येतो. तासाचे 30 म्हणजे दिवसाचे 270. ते गावातल्या खुरपणीच्या रोजाशी एकदा ताडून पाहावेत, मग मावशीने स्वतःला किती स्वस्त धरले ते कळते.

वर्षाखालच्या मुलाला दर जास्त हवा, कारण ते मांडीवरून उतरत नाही. भांडणे मात्र दरावरून होत नाहीत, खाड्यांवरून होतात. मे महिन्यात मूल मामाकडे गेले तर पूर्ण पैसे, अर्धे, की काहीच नाही? जागा राखून ठेवली असेल तर निदान अर्धे घ्यावेत. हे, उशिराचे पैसे आणि आजारी मूल न आणण्याची अट पहिल्याच दिवशी वहीत लिहून सही घ्यावी. नाते त्याने बिघडत नाही. न लिहिल्याने बिघडते.

गिऱ्हाईक : पत्रके वाटून मुले फारशी येत नाहीत. अंगणवाडी सेविका, आशाताई, शाळेच्या रिक्षाचे काका आणि हळदीकुंकवाला जमलेल्या बायका यांच्या तोंडून नाव फिरते. पहिली आई घर बघायला येते तेव्हा तिची नजर खेळण्यांकडे जात नाही. ती मोरीचा दरवाजा, पाण्याचे पिंप, जिन्याची कड आणि घरात कोण पुरुष माणसे असतात हे बघते. 2016 मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात तान्ह्या मुलीला मारहाण झाल्याचे सीसीटीव्ही चित्रण बाहेर आल्यापासून कॅमेऱ्याचीही विचारणा होते. गावात कॅमेऱ्यापेक्षा उघडे दार बरे : आई न सांगता केव्हाही येऊ शकते, असे आधीच सांगावे. दोन-तीन दिवस तासाभरासाठी, बिनपैशाने मूल ठेवून घेणे हा सगळ्यात खात्रीचा मार्ग.

कायदा व योजना : कारखाने कायदा, 1948 ने स्त्री कामगारांच्या संख्येवर कारखान्यात पाळणाघर बंधनकारक केले (1976 च्या दुरुस्तीनंतर 30 हून अधिक स्त्रिया), मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने 50 वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना ते लागू केले आणि आईला दिवसातून चार भेटींची मुभा दिली. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत चालणारे पाळणाघर या तरतुदींत बसत नाही. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत 25 मुलांमागे एक सेविका, एक मदतनीस आणि साडेसात तास ठरवलेले होते. शुल्क दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला महिना 20 रुपये, 12000 पर्यंत मासिक उत्पन्न असल्यास 100, त्यावर 200. 2022 पासून ही योजना मिशन शक्तीत ‘पाळणा’ या नावाने चालते.