उकिरड्यापासून झूमपर्यंत: कचरा कुणाचा, वास कुणाला?

आजचा भाग कसबा बावड्याचा. हे नाव ऐकलं की कोल्हापूरकरांना साखर कारखाना आठवतो, राजाराम बंधारा आठवतो, आणि खरं सांगायचं तर झूमचा कचराही आठवतो. मला आज त्या कचऱ्याचा इतिहास सांगायचाय. कारण माझ्या मते तो मुळात पैशाचा इतिहास आहे.

याच बावड्यात, लक्ष्मीविलास पॅलेसमध्ये, २६ जून १८७४ ला शाहू महाराजांचा जन्म झाला. तेव्हा राजवाडा आणि झोपडी यांच्यात केवढं तरी अंतर होतं. पण दोन्हीकडून बाहेर काय पडायचं? राख, शेण, खरकटं, पालापाचोळा. राजवाड्यातून गाडीभर, झोपडीतून पाटीभर. सगळं उकिरड्यावर कुजायचं आणि खत होऊन शेतात जायचं. विषमता होतीच, पण घरातून जे बाहेर पडायचं, ते बहुतेक सगळं माती पचवायची.

मग प्लास्टिक आलं, थर्माकोल आला. हातात पैसा आला की घरात वस्तू येतात आणि वस्तूंबरोबर पॅकिंग येतं. आता फरक फक्त ‘किती’चा राहिला नाही, ‘कशाचा’ हाही झाला. उकिरडा ज्याचा त्याच्या दारात असायचा. झूमवर मात्र अख्ख्या शहराचा कचरा येतो. ऑर्डर करणारा राहतो शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि वास येतो इथल्या वस्तीला.

माधव गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांनी १९९५ च्या ‘इकॉलॉजी अँड इक्विटी’ या पुस्तकात हेच देशाच्या पातळीवर मांडलं. त्यांनी तीन गट पाडले. आसपासच्या निसर्गावर जगणारे. लांबलांबून सगळं ओढून घेणारे ‘सर्वभक्षी’. आणि निसर्ग हातचा गेल्यामुळे शहराच्या कडेला येऊन पडलेले निर्वासित.

जगाचा हिशोबही तसाच. ऑक्सफॅमच्या २०२० च्या अहवालानुसार, १९९० ते २०१५ या काळात जगातल्या सगळ्यात श्रीमंत १० टक्के लोकांच्या वाट्याला निम्म्याहून जास्त कार्बन उत्सर्जन जातं. खालच्या ५० टक्के लोकांच्या वाट्याला फक्त ७ टक्के.

तरी बोट कुणाकडे जातं? गरिबाकडे. कारण चुलीचा धूर डोळ्यांना दिसतो. एसीचा धूर निघतो लांब कुठेतरी, कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या चिमणीतून. आणि आपण फेकलेल्या ढिगातून बाटल्या, पुठ्ठे वेचून पुन्हा कामाला लावणारी कचरावेचक बाई? तिचं नाव पर्यावरण दिनाच्या भाषणात येत नाही.

म्हणून ‘आपण सगळेच जबाबदार’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. सगळे आहोत, पण सारखे नाही. बिल फाडताना आधी वापर बघायला हवा.

भेटू पुढच्या भागात.