दारू सुटते, पण सुटलेली राहते कशी?

दारू सोडणे अवघड नाही, असे मद्यासक्त माणूस अनेकदा सांगतो आणि त्यात खोटे काहीच नसते. श्रावण लागला की तो सोडतो, नवरात्रात सोडतो, मुलीचे लग्न पार पडेपर्यंत सोडतो. डॉक्टरांनी यकृताचा अहवाल पुढे ठेवला की महिना-दोन महिने बाटलीकडे पाहातही नाही. अवघड असते ते सुटलेली दारू सुटलेलीच ठेवणे. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात गेल्या पाऊणशे वर्षांत जे जे प्रयत्न झाले, ते प्रामुख्याने या दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरत आले आहेत.

प्रश्नाचा आवाका लहान नाही. केंद्रीय सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या आणि दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार १० ते ७५ या वयोगटातील सुमारे १६ कोटी भारतीय मद्यपान करतात. त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांचे पिणे अपायकारक अथवा व्यसनाच्या पातळीचे असून त्यांना मदतीची गरज आहे. प्रत्यक्षात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची मदत मिळते आणि दाखल होऊन उपचार घेण्याची संधी तर १८० जणांत एकाला. उरलेले सारे घरच्या घरी, शपथा घेत आणि मोडत दिवस काढतात.

आधी वैद्यकीय खबरदारी

वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाला कोंडून ठेवून एका दिवसात दारू तोडण्याचा प्रकार आजही अनेक घरांत होतो. तो धोकादायक आहे. शरीर दारूला सरावलेले असते. ती अचानक बंद झाली की काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. सकाळी ‘उतारा’ घेतल्याशिवाय ज्याचे हात स्थिर होत नाहीत, त्याच्याबाबत हा धोका अधिक संभवतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भास होऊ लागतात, नसलेली माणसे आणि किडे दिसतात, स्थळकाळाचे भान सुटते. ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ या नावाने ओळखली जाणारी ही अवस्था वेळीच उपचार न झाल्यास जिवावर बेतते.

या काळात डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड, लोरॅझेपॅम यांसारखी औषधे देतात आणि त्यांची मात्रा काही दिवसांत उतरवत नेतात. जोडीला थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, द्यावे लागते. ते न मिळाल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आठवडा-दहा दिवसांत हा टप्पा संपतो. माणूस जेवू लागतो, चेहऱ्यावर तेज येते आणि घरच्यांना वाटते, झाले, सुटली. पहिली फसगत नेमकी येथे होते. शरीरातून दारू जाणे ही उपचाराची पूर्वतयारी आहे, उपचार नव्हे.

एकच रामबाण मार्ग आहे का?

कोणत्या माणसाला कोणता मार्ग लागू पडेल हे आधीच ओळखता आले तर किती बरे, या विचारातून अमेरिकेत ‘प्रोजेक्ट मॅच’ नावाचा मोठा अभ्यास झाला. त्याचे मुख्य निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले. एकूण १,७२६ रुग्णांची तीन गटांत विभागणी करण्यात आली होती. एका गटाला विचार आणि सवयी बदलण्याचे प्रशिक्षण, दुसऱ्याला ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्या बारा पायऱ्यांकडे नेणारे समुपदेशन आणि तिसऱ्याला स्वतःचा निर्धार जागा करणाऱ्या केवळ चार बैठका. तिन्ही गटांतील रुग्णांचे पिणे बरेच कमी झाले आणि तिन्हींतील फरक अपेक्षेपेक्षा फारच थोडा निघाला. अमुक स्वभावाच्या माणसाला तमुक उपचार, ही जुळणी बहुतांशी फसली.

एक गोष्ट मात्र तीन वर्षांनंतरच्या पाहणीत लक्षणीय ठरली. ज्यांचा मित्रपरिवार पिणाऱ्यांचा होता, त्यांना बारा पायऱ्यांच्या मार्गाचा अधिक लाभ झाला होता. कारण उघड आहे. समुपदेशक आठवड्यातून तासभर भेटतो; संध्याकाळी सात वाजता रिकाम्या हातांचे काय करायचे, हा प्रश्न तो सोडवू शकत नाही. त्यासाठी न पिणारी माणसे लागतात.

‘एए’ची सुरुवातच मुळी अशा सोबतीतून झाली. १९३५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात ॲक्रन या गावी न्यूयॉर्कचे शेअर व्यावसायिक बिल विल्सन आणि शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ यांची भेट झाली. दोघेही दारूने पोखरलेले. दुसऱ्या मद्यपीशी बोलत राहिले की आपली तलफ शमते, हा विल्सन यांचा अनुभव संघटनेचा पाया ठरला. तेथे फी नाही, नोंदवही नाही, आडनाव विचारले जात नाही. पिणे थांबवण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. ‘फक्त आजचा दिवस’ प्यायचे नाही, एवढाच संकल्प. आयुष्यभराची शपथ माणसाला पेलत नाही, चोवीस तासांची पेलते. महाराष्ट्रातील शहरांत या बैठका अनेकदा शाळांचे वर्ग किंवा चर्चची सभागृहे अशा साध्या जागी भरतात आणि मराठीतूनही चालतात.

या मार्गाबद्दल वैद्यकविश्वात दीर्घकाळ साशंकता होती. २०२० साली ‘कॉक्रेन’ या नामांकित संस्थेने २७ अभ्यासांचा, दहा हजारांहून अधिक रुग्णांचा आढावा घेतला. वर्षभरानंतर अखंड दारूमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण या मार्गाकडे पद्धतशीरपणे नेलेल्या रुग्णांत ४२ टक्के, तर इतर मानसोपचार घेतलेल्यांत ३५ टक्के आढळले. फरक डोळे दिपवणारा नाही, पण विनामूल्य आणि आयुष्यभर खुल्या असलेल्या उपायाच्या दृष्टीने तो मोलाचा आहे. याच आकड्याची दुसरी बाजूही पाहावी: निम्म्याहून अधिक लोक वर्षभर अखंड कोरडे राहू शकले नव्हते.

बारा पायऱ्यांतील ‘उच्च शक्ती’ची भाषा काहींना रुचत नाही. उलट आपल्याकडे श्रद्धेच्या मार्गाने दारू सोडणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. गळ्यात तुळशीची माळ घालून माळकरी झालेला आणि त्यानंतर बाटलीला न शिवलेला माणूस महाराष्ट्रात बहुतेक गावांत सापडतो. नीट पाहिले तर माळेबरोबर त्याला भजनी मंडळ मिळालेले असते, एकादशी मिळालेली असते, आषाढीची वाट मिळालेली असते. नुसती माळ घालून जुन्याच कट्ट्यावर जाऊन बसणाऱ्याची माळ फार दिवस टिकत नाही.

मुक्तांगणचा अनुभव

मराठी वाचकांना या विषयात सर्वांत परिचित नाव म्हणजे पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. पत्रकार-लेखक अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनाविषयी केलेल्या लेखनातून ही गरज पुढे आली. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य दिले आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली केंद्र उभे केले. १९९७ साली त्यांचे निधन झाले. पुढे कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ते काम सांभाळले. गर्दसाठी सुरू झालेल्या या केंद्रात मद्यासक्तांचीही मोठ्या प्रमाणावर ये-जा राहिली.

निवासी उपचार पस्तीस दिवसांचे. दिवस पहाटेपासून आखलेला: योगासने, स्वच्छता, गटचर्चा, समुपदेशन. केंद्राच्या कामात पूर्वी व्यसनी असलेली आणि त्यातून सावरलेली माणसे सुरुवातीपासून सहभागी आहेत. नव्याने आलेल्या रुग्णाची सबब त्यांच्यापुढे चालत नाही. त्या सगळ्या सबबी त्यांनी स्वतः वापरून झालेल्या असतात. आणि तरीही ते रागावत नाहीत. मारहाण, साखळदंड, अपमान यांना वाव नसलेले व्यसनमुक्ती केंद्र चालू शकते, हे मुक्तांगणने महाराष्ट्राला दाखवले, आणि त्याचे हे काम बरे झालेल्यांच्या संख्येइतकेच महत्त्वाचे म्हणावे लागेल. मुंबईत फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ साली स्थापन केलेल्या ‘कृपा फाउंडेशन’नेही बारा पायऱ्यांना अय्यंगार योगाची जोड देऊन वेगळी वाट पाडली.

मात्र पस्तीस दिवसांनी रुग्ण घरी जातो तेव्हा त्याची खरी परीक्षा सुरू होते. गल्लीच्या तोंडाशी तेच दुकान असते, पगाराची तीच तारीख असते, वरातीत नाचणारे तेच मित्र असतात. म्हणूनच घरी गेल्यावरचा पाठपुरावा हा उपचाराचा गाभा आहे. केंद्रात महिना काढलेला, पण नंतर एकदाही पाठपुराव्याच्या बैठकीला न गेलेला माणूस पुन्हा पिऊ लागला, तर उपचार फसले असे म्हणण्यापेक्षा ते अर्धवट राहिले असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

गोळ्या : माहीत असलेल्या आणि नसलेल्या

दारू सोडण्यासाठी गोळी असते, हे ऐकून अनेकांच्या डोळ्यांपुढे डायसल्फिराम येते. रबर उद्योगात वापरल्या जाणाऱ्या या रसायनाचा हा गुण १९४०च्या दशकात कोपनहेगनमधील संशोधकांच्या ध्यानात आला. ही गोळी घेतलेल्या माणसाने दारू प्यायल्यास चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. भीतीच हे येथे औषध. रुग्णाच्या संमतीने आणि घरच्या कोणाच्या देखरेखीखाली रोज घेतली गेली तर तिचा उपयोग होतो.

पण ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती वाचून भाजीत, चहात काहीबाही मिसळणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, गोळीची कल्पना नसलेला माणूस बाहेर जाऊन नेहमीप्रमाणे क्वार्टर रिचवतो आणि हृदयविकार असलेल्याच्या बाबतीत ती मृत्यूला कारण ठरू शकते. शिवाय फसवणूक उघडी पडल्यावर तो घरच्यांच्या हातचे पाणीही घेत नाही. विश्वास गमावून व्यसनमुक्ती साधल्याचे उदाहरण विरळाच.

तुलनेने कमी माहिती असलेली दोन औषधे म्हणजे नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट. पहिल्याने पिण्यातून मिळणारी मजा आणि तलफ कमी होते, दुसरे दारू थांबल्यानंतर बिथरलेल्या मेंदूचा तोल सावरण्यास मदत करते. २०२३ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात ११८ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार अकॅम्प्रोसेट घेणाऱ्या सुमारे ११ जणांमागे आणि नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्या सुमारे १८ जणांमागे एक जण असा निघतो, जो केवळ औषधामुळे पुन्हा पिण्यापासून वाचतो. यकृताचा आजार बळावलेल्यांना नाल्ट्रेक्सोन आणि मूत्रपिंडे निकामी असलेल्यांना अकॅम्प्रोसेट चालत नाही. तेव्हा ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. ‘गोळीने सुटलेली दारू खरी सुटलेली नाही’ असा एक समज काही गटांत आढळतो. मधुमेहाच्या गोळीला कोणी असे म्हणत नाही.

ज्यांचे व्यसन अजून जडायचे आहे

पिणे हाताबाहेर जाऊ लागलेले, पण शरीर अद्याप दारूवर अवलंबून नसलेले लोक पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी गोव्यात ‘संगत’ या संस्थेने केलेला प्रयोग उल्लेखनीय आहे. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर हा अभ्यास झाला. समुपदेशन करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसे होती. फार तर चार बैठका. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरानंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ५४ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी ३२ टक्के लोक अपायकारक पिण्याच्या पातळीखाली आले होते. तज्ज्ञांची वानवा असलेल्या जिल्ह्यांना यातून घेण्यासारखे बरेच आहे.

घरच्यांनी काय करावे

‘त्याची इच्छाच नाही’ ही घरोघरची तक्रार. बायकोने उधारी फेडावी, साहेबांना ‘ताप आला आहे’ असे कळवावे, रात्री दार उघडावे आणि सकाळी भांडावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालतो. अमेरिकेत विकसित झालेल्या ‘क्राफ्ट’ पद्धतीत कुटुंबीयांना वेगळे वागणे शिकवले जाते: शुद्धीत असताना आपुलकीने बोलणे, प्यालेल्या अवस्थेत वाद न घालणे, पिण्याचे परिणाम त्याचे त्यालाच निस्तरू देणे, आणि तो स्वतःहून खचून बोलू लागला की त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेण्याची तयारी ठेवणे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीने उपचारांस तयार नसलेल्या ६४ टक्के रुग्णांना उपचारांपर्यंत आणता आले. सर्वांनी मिळून रुग्णाला धारेवर धरण्याच्या पद्धतीने केवळ ३० टक्क्यांना. हिंसाचार होत असलेल्या घरात मात्र प्रथम बाई आणि मुले यांची सुरक्षितता, मग बाकी सारे.

स्वतः पिणाऱ्या स्त्रियांची कोंडी याहून अधिक. पुरुषाला पत्नी केंद्रात आणते. स्त्रीला आणायला बहुधा कोणी येत नाही.

घसरल्यावर

सोडलेली दारू पुन्हा सुरू होणे या आजारात नेहमीचे आहे. गटारी, वरात, जमिनीच्या व्यवहारात आलेला पैसा, कोणाचा मृत्यू, कधी तर नुसता कंटाळा, अशी कारणे घडतात. एका पेल्यानंतर ‘आता सगळेच गेले’ म्हणून महिनाभर पिणारे अनेक असतात. पहिला पेला अपघात असेल, दुसरा मात्र बहुधा या निराशेतून येतो. अशा वेळी पाहावयाचे ते एवढेच की मार्गात काय कमी पडले. बैठकांना जाऊनही तलफ आवरत नसेल तर औषध जोडावे. औषध चालू असून संध्याकाळ एकाकी जात असेल तर गट शोधावा. झोप लागत नसेल, मन सतत उदास असेल तर त्या नैराश्यावर स्वतंत्र उपचार हवेत. ते तसेच ठेवून दारू सुटलेली राहणे कठीण. पहिल्या केंद्राने गुण आला नाही म्हणून दुसरा मार्ग बंद होत नाही.

केंद्र निवडताना

‘यशाची शंभर टक्के हमी’ देणारे केंद्र पहिल्याच फेरीत बाद करावे. केंद्रात मानसोपचारतज्ज्ञ नियमित येतात का, पहिल्या आठवड्यातील त्रासासाठी डॉक्टर उपलब्ध असतात का, नातेवाइकांना भेटू दिले जाते का आणि घरी गेल्यानंतर वर्षभर पाठपुरावा कोण करतो, हे प्रश्न पैसे भरण्याआधी विचारावेत. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारूच्या गैरवापराशी निगडित मनोविकारांचा समावेश असून असे रुग्ण ठेवून घेणाऱ्या आस्थापनांना नोंदणी बंधनकारक आहे. रुग्णाला साखळीने बांधण्यास हा कायदा स्पष्ट मनाई करतो. व्यसनमुक्तीविषयी मार्गदर्शनासाठी केंद्र सरकारची १४४४६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे, तर मानसिक आरोग्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही सेवा सुरू आहे. दोन्हींवर रुग्णाखेरीज नातेवाईकही बोलू शकतात.