सुपडू : खानदेशातील एका पुरुषनामाचा इतिहास

विशेषनामे ही इतिहासाची साधने आहेत, हा विचार धुळ्यास नवा नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली याच नगरीत निवर्तले, आणि त्यांच्या नावाने येथे स्थापन झालेल्या संशोधन मंडळाने पुढे त्यांचा ‘नामादि-शब्द-व्युत्पत्ति-कोश’ प्रसिद्ध केला. त्याच दृष्टीने एका पुरुषनामाचा विचार येथे करावयाचा आहे. ‘सुपडू’ हे नाव पुण्याकडील वाचकास विचित्र वाटते; खानदेशात व लगतच्या वऱ्हाडात मात्र जुन्या पिढीत ते घरोघरी ऐकू येई. इतके अपरिचित नाव एका प्रदेशात एवढे रूढ का व्हावे?

प्रथम शब्द पाहू. संस्कृत ‘शूर्प’, प्राकृत ‘सुप्प’, मराठी ‘सूप’ ही परंपरा सरळ आहे. ‘सूप’ यास लघुत्वदर्शक ‘-डे’ लागून ‘सुपडे’ होते, आणि त्यास दगडू, धोंडू, केरू या नामांत आढळणारा ‘-ऊ’ हा प्रत्यय जोडला की ‘सुपडू’ सिद्ध होते. स्त्रीनाम ‘सुपडाबाई’ असे होते. एवढ्याने व्युत्पत्ती लागली, पण अर्थ लागला नाही. कारण मुलास धान्य पाखडण्याच्या साधनाचे नाव कोणी हौसेने ठेवीत नाही.

अर्थ आचारात आहे. ज्या घरी मुले जन्मून दगावत, तेथे नवजात बालकास सुपात घालीत. घरातील केरकचरा सुपात भरून बाहेर टाकतात. तसेच हे मूलही टाकाऊ आहे, असे मृत्यूस भासवावयाचे, हा त्यातील हेतू. उकिरड्यावर ठेवलेला तो उखर्डू, भीक मागून मिळाला असे मानलेला तो भिका, दगडाच्या मोलाचा तो दगडू. यांत तिरस्कार नाही. अतिशय जपलेल्या मुलावर घातलेले ते पांघरूण आहे.

हा आचार खानदेशापुरता नाही, व अर्वाचीनही नाही. पंजाबात सुपास ‘छाज’ म्हणतात, आणि ‘छज्जू’ हे तेथील नाव याच रीतीचे द्योतक आहे. सूप ओढीत नेल्यामुळे पडलेले ‘घसीटा’ हे त्याचे भावंड. जैनांच्या अर्धमागधी ‘विवागसुय’ या अंगग्रंथात उज्झित नामक सार्थवाहपुत्राची कथा आहे. त्याच्या मातेची मुले जगत नसत. म्हणून तिने त्यास जन्मतःच उकिरड्यावर टाकविले व पुन्हा उचलून घेतले. ‘उज्झित’ म्हणजे टाकलेला. त्याच ग्रंथातील दुसरा बालक गाडीखाली ठेविला गेला म्हणून ‘सगड’, म्हणजे शकट, झाला. अर्थात् आपला उखर्डू हा उज्झिताचा दूरचा वंशज होय.

अशी नावे अशिक्षितांची अथवा विशिष्ट जातींची, हा समजही टिकत नाही. दुसऱ्या बाजीरावाचे दत्तक पुत्र नानासाहेब यांचे नाव धोंडोपंत होते. महर्षी कर्वे यांचे नाव धोंडो. मृत्यूचे भय सर्व थरांत सारखेच होते. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात हजारी सुमारे दोनशे बालके वर्षाच्या आत मरत. त्यातच १८९६ पासूनचा प्लेग आणि १८९९-१९०० चा दुष्काळ. सुपडू या नावाचा प्रसार या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे.

येथे एक सावधगिरी अवश्य आहे. आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची चाल असल्याने दुसऱ्या पिढीतील सुपडूच्या घरी बालमृत्यू घडलाच असेल असे नाही. नवसाचे नाव कालांतराने कुळाचे नाव बनते, आणि मग त्याचा मूळ अर्थ वापरणाऱ्यासही स्मरत नाही. म्हणून नामांची केवळ गणती पुरेशी नाही. प्रत्येक नामामागील वृत्तांत विचारला पाहिजे.

महाराष्ट्रात बालमृत्यूचे प्रमाण १९७१ साली हजारी १०५ होते. २०२० साली ते १६ वर आले. भय ओसरले तसे नावही ओसरले. पांझरेच्या उत्तर तीरावरील देवपूर हा धुळ्याचा भाग आज शाळा-महाविद्यालयांचा व नोकरदार वसाहतींचा आहे. अशा वस्तीत नवजात मुलास सुपडू म्हणणारे घर विरळाच. परंतु मराठी पद्धतीत स्वतःच्या नावापुढे पित्याचे नाव येते. त्यामुळे प्रचारातून गेलेले नाव मुलाच्या नावात आणखी एक पिढी टिकते. ते मधले नाव पुष्कळांना संकोचाचे वाटते व आद्याक्षरात झाकले जाते. आमच्या विद्यार्थ्यांनी ते झाकण दूर सारून घरच्या वडीलधाऱ्यांस विचारावे. ज्या भावंडांची नोंद कोणत्याही दप्तरात झाली नाही, जी नाव ठेवण्यापूर्वीच गेली, त्यांची साक्ष मागे राहिलेल्या या एका भावाच्या नावात आहे; आणि ती सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत.