ऑस्ट्रॅकॉन

प्राचीन ग्रीक जगात लेखनासाठी वापरलेला खापराचा तुकडा. अनेकवचन ऑस्ट्रॅका. फुटक्या भांड्याचे खापर फुकट मिळत असल्यामुळे ईजिप्तमध्ये करांच्या पावत्या, हिशेब, पत्रे, एवढेच नव्हे तर शाळकरी मुलांचे पाठही त्यावर लिहिले जात. तथापि या संज्ञेस इतिहासात जे महत्त्व लाभले, ते अथेन्सच्या नगरराज्यामुळे. इ. स. पू. पाचव्या शतकात अथेन्सचे नागरिक एखाद्या प्रभावी पुढाऱ्याचे नाव खापरावर कोरून त्यास दहा वर्षांसाठी हद्दपार करीत. या प्रथेस खापराच्या नावावरूनच ऑस्ट्रासिझम म्हणतात.

ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यघटनेवरील ग्रंथानुसार हा कायदा क्लायस्थेनीझच्या सुधारणांपैकी (इ. स. पू. ५०८-०७) एक होय. पायसिस्ट्राटसने लोकनेता म्हणून मिळविलेल्या बळावर अनियंत्रित सत्ता बळकाविली होती. तसा प्रसंग पुन्हा येऊ नये, हा त्यामागील हेतू. प्रत्यक्षात मात्र त्याचा पहिला प्रयोग मॅरॅथॉनच्या लढाईनंतर, इ. स. पू. ४८७ मध्ये, पायसिस्ट्राटसच्या घराण्याशी संबंधित अशा हिपार्कसवर झाला. पुढील वर्षी मेगाक्लीझ गेला. सुरुवातीचे बळी जुन्या अनियंत्रित सत्तेचे मित्र समजले जात, परंतु इ. स. पू. ४८४ मध्ये पेरिक्लीझचा पिता झँथिपस हद्दपार झाला, त्याचा त्या सत्तेशी काही संबंध नव्हता. अवघ्या चार वर्षांत संरक्षणाचे साधन पक्षीय स्पर्धेचे हत्यार बनले.

मतदानाची पद्धत दोन टप्प्यांची होती. यावर्षी ऑस्ट्रासिझम घ्यावा की नाही, एवढाच प्रश्न प्रथम लोकसभेपुढे ठेवून हात वर करून मते घेत. होकार मिळाल्यास सु. दोन महिन्यांनी ॲगोरा या मुख्य चौकात कुंपण घालून दहा दरवाजे ठेवीत. दहा गणांचे नागरिक आपापल्या दरवाजाने आत जाऊन कोरलेली बाजू खाली धरून खापर देत. नऊ आर्कन व पाचशेंची परिषद देखरेख करीत. सहा हजारांचा आकडा आवश्यक होता; मात्र तो एकूण मतांचा, असे प्लूटार्क सांगतो, तर फिलॉकोरसच्या मते तो एकाच व्यक्तीविरुद्धच्या मतांचा होता. पहिले मत आज अधिक ग्राह्य मानतात. ज्याचे नाव सर्वाधिक येई, त्याने दहा दिवसांत शहर सोडावे लागे. त्याची मालमत्ता जप्त होत नसे व नागरिकत्वही जात नसे. परंतु त्याच्यावर आरोप ठेवला जात नसे, साक्षीपुरावे होत नसत आणि बचावाचे भाषण करण्याची संधीही त्यास मिळत नसे.

एकोणिसाव्या शतकापर्यंत ही सारी माहिती प्रायः ग्रंथांतरीच होती. विसाव्या शतकातील उत्खननांनी मतदारांच्या हातची खापरेच पुढे आणली. ॲगोरात १९३१ पासून अमेरिकन उत्खननात हजाराहून अधिक खापरे मिळाली. पण सर्वांत मोठा साठा १९६६–६८ या काळात जर्मन उत्खननात केरामायकॉस या जुन्या कुंभारवाड्यात सापडला. त्यात सु. ८,५०० खापरे असून चार हजारांहून अधिक मेगाक्लीझच्या नावाची आहेत. एकाच भांड्याच्या जुळणाऱ्या तुकड्यांपैकी एकावर मेगाक्लीझ व दुसऱ्यावर थेमिस्टोक्लीझ अशी नावे आढळल्याने दोघांविरुद्धची मते एकाच वेळची ठरतात. बहुसंख्य संशोधक हे मतदान इ. स. पू. ४७१ च्या सुमाराचे मानतात. क्रेटिअसचा पुत्र कॅलिअस याच्या नावाची सातशेंहून अधिक खापरे या साठ्यात आहेत. हा माणूस एवढा अप्रिय होता, तरी ग्रंथकारांनी त्याचे नावही नोंदविलेले नाही.

बहुतेक खापरांवर नाव व पित्याचे नाव किंवा गाव एवढेच टोकदार हत्याराने कोरलेले आहे. शुद्धलेखन मनमानी आहे. काही मतदारांचे मात्र एवढ्याने समाधान झालेले दिसत नाही. कॅलिअसला काहींनी ‘मीड’, म्हणजे इराणी, म्हटले असून एका खापरावर इराणी वेषातील धनुर्धराचे चित्र काढले आहे. मेगाक्लीझच्या घोडे पाळण्याच्या श्रीमंती षोकावर टोमणा आहे. सायमनला त्याची बहीण एल्पिनीसी हिला घेऊन चालते होण्यास सांगितले आहे. कोणी तर उपासमारीलाच हद्दपार केले आहे. अथेन्सच्या सामान्य नागरिकाचा राग, थट्टा व संशय त्याच्याच हस्ताक्षरात इतका थेट अन्यत्र क्वचितच वाचावयास मिळतो.

याच्या उलट चित्र अक्रॉपलिसच्या उत्तर उतारावरील विहिरीत १९३७ साली सापडलेल्या १९० खापरांत दिसते. या सर्वांवर थेमिस्टोक्लीझचेच नाव असून अक्षर अवघ्या चौदा हातांचे आहे. पुष्कळशी खापरे एकसारख्या मद्यचषकांच्या बैठका आहेत. ती वाटपासाठी आगाऊ तयार केलेली होती, यात फारशी शंका नाही. त्यांवरून संघटित कारस्थानाचा निष्कर्ष काढला जातो. निरक्षरांची सोय म्हणूनही ती कोरलेली असू शकतील. मत लिहून मागणाऱ्या अनोळखी खेडुताला स्वतःचेच नाव लिहून देणाऱ्या ॲरिस्टायडीझची (हद्दपारी इ. स. पू. ४८२) प्रसिद्ध कथा प्लूटार्कने पाचशेंहून अधिक वर्षांनंतर सांगितली आहे. ती जशीच्या तशी घडली असेलच असे नाही. पण दुसऱ्याकडून नाव लिहवून घेणे अशक्य नव्हते, याला विहिरीतील खापरे पुष्टी देतात.

हद्दपारी ही बदनामी नव्हती. झर्क्सीझच्या स्वारीच्या वेळी, इ. स. पू. ४८० मध्ये, हद्दपारांना परत बोलाविण्यात आले आणि ॲरिस्टायडीझ व झँथिपस यांनी पुढे अथेन्सचे सेनापतिपद भूषविले. सायमन (४६१) व पेरिक्लीझचा प्रतिस्पर्धी थ्यूसिडिडीझ (सु. ४४३; इतिहासकार नव्हे) यांच्यानंतर प्रथा मंदावली. सु. ४१७–४१५ मध्ये निशियस व ॲल्सिबायडीझ यांपैकी एकजण जाणार असे दिसताच दोघांच्या अनुयायांनी एकजूट करून हायपरबोलस यालाच घालविले. असल्या माणसासाठी हे खापर नव्हते, अशी तत्कालीन भावना होती. कायदा रद्द झाला नाही. चौथ्या शतकातही दरवर्षी प्रश्न विचारला जाई, पण मतदान पुन्हा झाले नाही.

आर्गॉस, मेगारा व मायलीटस येथेही अशी प्रथा असल्याचे उल्लेख आहेत. सिसिलीतील सिरॅक्यूझमध्ये खापराऐवजी ऑलिव्हच्या पानावर नाव लिहून पाच वर्षांची हद्दपारी देत. मात्र तेथील प्रतिष्ठित नागरिक भीतीने सार्वजनिक कामांतून अंग काढून घेऊ लागल्याने तो कायदा लवकरच रद्द करण्यात आला.